पेटीवरचं लाल कुलूप

सोमवार, ४ मे
दापोडी

सुजित,

प्रिय वगैरे लिहीत नाही. तू मला फोनवर ब्लॉक केलंस, व्हॉट्सअॅपवर ब्लॉक केलंस, म्हणून हा कागद. कागदाला ते बटण नसतं. निशिगंधा दुपारी आईचा डबा घेऊन दवाखान्यात येते आणि रिकामा डबा घेऊन माणला तुमच्या फ्लॅटवर परत जाते, त्या पिशवीत हे टाकतेय. तुझ्या बायकोला पोस्टमन करायची हौस नाही मला. दुसरा रस्ता तूच ठेवलेला नाहीस.

परवा दवाखान्याच्या व्हरांड्यात तू काय बोललास ते विसरला असशील तर आठवण करून देते. डॉक्टर म्हणाले, खुब्याचं ऑपरेशन चांगलं झालंय, रविवारी घरी न्या. तू लगेच म्हणालास, "माझ्याकडे माणला नेणार. दापोडीचं घर राहण्यालायक नाही." मी म्हटलं, तिला तिचंच घर लागतं. मी आठवड्याची रजा टाकते आणि घर लायक करते. चाकणची खोली सोडून तिच्याजवळ राहायला येते, कंपनीची बस नाशिक फाट्यावरून जातेच. यावर तू, ज्याच्या शाळेच्या चपलांचे अंगठे मी शिवून दिलेत तो तू, चार लोकांत म्हणालास, "असं सरळ सांग ना ताई, तुला घर हवंय."

डॉक्टर बिचारे चष्मा पुसायला लागले. मला त्या क्षणी तुझ्या कानाखाली वाजवावीशी वाटली होती, आणि अजूनही वाटतेय.

वर तूच अट घातलीस. रविवारी येऊन बघणार. आई वॉकर घेऊन आपली आपण बाथरूमला जाऊन आली तर राहील, नाहीतर गाडीत घालून माणला. आणि मग घर त्या बिल्डरला. ठीक आहे. मी कंपनीत प्रेस मशिनची विजेची पॅनेल उघडून बसते, जिथे एक चूक झाली तर माणूस कोळसा होतो. एक बाथरूम मला जड नाही.

सकाळीच जुनी फरशी फोडायला घेतली. सगळं काढायचंय. ती गुळगुळीत फरशी, ते खाली बसायचं भांडं, तो घोट्याएवढा उंबरा. कमोड बसवायचा, भिंतीला धरायची दांडी ठोकायची, आणि बाथरूमच्या दिव्याचं बटण आईच्या खाटेजवळ आणायचं. बाबांची हत्यारांची पेटी उघडली. सगळं जागेवर आहे, फक्त त्यांचा मोठा पाइप पाना नाही. माळा, खाटेखाली, पिंप, सगळं शोधलं. तू नेलास का? आणि नेला असशील तर कशाला? तुला तो कुठून धरायचा ते तरी आठवतंय का?

विजयश्री ज्योतीराम नलवडे

(पूर्ण नाव लिहिलंय, म्हणजे कोण ते कळेल.)

*

मंगळवार, ५ मे

सुजित,

आज घरचं एक काम झालं नाही. गल्लीचीच कामं केली. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं. वाचून खूश होऊ नकोस, कारण त्यामागचं कारण तुलाही माहीत असायला हवं.

एकटीने कमोड बसत नाही. गवंडी लागतो. सयाजीमामांना बोलावलं. तेच, बाबांबरोबर परांड्याहून आलेले, आपल्या घराचा पहिला कोबा ज्यांनी घातला ते. मी विचारलं, मामा मजुरी काय घ्याल? तर असे बघायला लागले की मी शिवी दिली. म्हणाले, "तुज्या आईच्या, तानुबाईच्या घराला मजुरी लावू व्हय? सावड हाय आपली. माजी पाण्याची मोटर बसलीय, तेवढी बघ. उद्या सकाळच्याला येतो."

सावड तुला समजावून सांगायची वेळ यावी! गावाकडे शेतात चालते तीच. आज तुझ्या रानात मी राबतो, उद्या माझ्या रानात तू. पैसा मधे येत नाही. गाव सुटलं, रानं सुटली, तरी या गल्लीने सावड सोडली नाही. पेरणी गेली आणि मोटर, मिक्सर, पत्रे आले, एवढाच फरक.

तेव्हा सकाळी मामांची मोटर उघडली. आत पाल मरून अडकली होती. मग शेजारच्या सुमनताईंचा कूलर, कारण चर खोदेपर्यंत आपलं सगळं सामान त्यांच्या पुढच्या खोलीत पडलंय. त्यांच्या दाराची बेलही वाजत नव्हती, ती केली. मग त्यांचा जावई मिक्सर घेऊन आला, मग जावयाचा मित्र इस्त्री घेऊन आला. मित्राला मी हाकलून दिलं. सावड म्हणजे धर्मशाळा नव्हे.

सगळे एकच विचारत होते, सुजित कुठाय? मी म्हटलं, उंटावर बसलाय, शेळ्या हाकतोय. हसले सगळे. मग सुमनताई हसायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, "इंजिनेरिंगला व्हता तवा माझ्याच खोलीत बसून अभ्यास करायचा. घरात टीव्ही बंद ठेवायची मी." तुझ्या लग्नाचा मांडव कुणी घातला, निशिगंधाच्या माहेरची माणसं कुणाच्या घरात झोपली, पाण्याचे ड्रम कुणी भरले, आठव. त्यानंतर या गल्लीत कुणाचा खिळा तरी ठोकलास का?

मी चिडून मामांना म्हटलं, त्याची राहिलेली सावड पण मीच फेडते, सांगा काय ते. म्हातारा मोटरचं झाकण आवळत म्हणाला, "न्हाई. ती तू फेडायची न्हाई. ज्याची त्यानं."

हे तुला कळावं म्हणून लिहिलं. पालथ्या घड्यावर पाणी, पण लिहिलं.

विजयश्री

*

बुधवार, ६ मे

कमोड आला. ड्रेनेजचा पाइप भिंतीपासून हवा तेवढ्या अंतरावर नाही. पुन्हा फोडलं. नळाचा अँगल कॉक आवळायला बाबांचा पाना हवा होता, तो नाही, म्हणून उसन्या पान्याने आवळताना तो सटकला आणि अंगठ्याचं साल निघालं. हे रक्त तुझ्या नावावर.

संध्याकाळी दवाखान्यात गेले. आईने अंगठा बघितला. मग म्हणाली, "तुमी दोगं बोलताय न्हवं?" मी म्हटलं, हो, बोलतो की. शेजारी निशिगंधा उभी होती, तीही म्हणाली, रोज बोलतात आई. आम्ही दोघी तोंडावर खोटं बोललो. तुझ्यासाठी मला माझ्या आईशी खोटं बोलावं लागतंय, याचाही राग आहे.

घराचं काय चाललंय ते तिला सांगितलेलं नाही. बरी होऊ दे. सगळं तयार करून एकदम दाखवीन.

वि.

*

गुरुवार, ७ मे

सुजित,

नीच हा शब्द मी तुझ्यासाठी आजवर वापरला नव्हता.

सकाळी मी बाथरूममध्ये, जुन्या वायरी ओढून काढत होते. सयाजीमामा उंबरा सपाट करत होते. दारात वायरमन उभा. खाकी पिशवी, हातात कागद. म्हणाला, "सुजित नलवडे इथंच ना? मीटर कायमचं बंद करायचा अर्ज आहे. काढून न्यायला आलोय."

मी त्याला तो कागद पुन्हा दाखवायला लावला. तुझी सही. ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीची. म्हणजे तू व्हरांड्यात डॉक्टरसमोर मोठा न्यायाधीश बनून "कर, रविवारी बघतो" म्हणालास, तेव्हा तुझा अर्ज आधीच गेलेला होता! बाबा गेल्यावर मीटर तुझ्या नावावर करायचं तेव्हा मीच तुझ्याबरोबर रांगेत उभी होते. मला काय माहीत ते मीटर असं आपल्यालाच डसेल. आईला खाटेवरून उठायचं तर दिवा हवा, उन्हाळ्यात पंखा हवा. दिवा-पंखा नसला की घर आपोआप राहण्यालायक नाही. ना भांडण, ना तंटा. हुशार आहेस. एवढं शिकवून सगळ्यांनी मिळून हेच मिळवलं.

पुढचं नीट वाच. वायरी उघड्या होत्या म्हणून मी सकाळीच बाहेरच्या पेटीतला मेन स्विच पाडला होता आणि पेटीला माझं कुलूप घातलं होतं. कंपनीत असतं ते लाल, माझं नाव आणि फोटो असलेली पट्टी लटकवलेलं. पट्टीवर छापलेलं असतं, धोका, काम चालू आहे, हे कुलूप ज्याचं त्यानेच काढायचं. तुला हे माझ्याइतकंच माहीत असायला हवं. बाबा मशिनीत हात घालून बसलेले असताना कुणीतरी मागून स्विच टाकला, त्यात त्यांची दोन बोटं गेली. त्यानंतर त्यांनी घरात साधा बल्ब बदलतानाही पेटीला कुलूप घातलं आणि चावी शर्टाच्या खिशात ठेवली. आपण हसायचो. ते म्हणायचे, ज्याचा हात आत, त्याचीच चावी खिशात. आपण दोघं ते पाढ्यासारखं म्हणायचो.

वायरमनने कुलूप हातात घेतलं, पट्टी वाचली. मीटर काढायचं तर पेटी उघडावी लागते. मी चावी मुठीत धरून त्याच्याकडे बघत राहिले. शिव्या तोंडाशी आल्या होत्या, पण त्या त्याच्यासाठी नव्हत्या. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "ताई, खांबावर मी असताना कुणी खालून फ्यूज घातला तर मी गेलो. दुसऱ्याच्या कुलपाला मी हात लावत नसतो. काम चालू आहे असं लिहून घेऊन जातो. सोमवारी परत येईन. तेवढ्यात घरातलं घरात मिटवा."

परक्या माणसाला जे कळलं ते तुला कळत नाही.

मामा थापी धुवत होते. म्हणाले, "विजू, पोरगा घाबरलाय." मी म्हटलं, पोरगा नाही तो, आता बाप्या झालाय, आणि घाबरलेला माणूस असा पाठीमागून वार करत नाही. मामा पुन्हा थापी धुवायला लागले. मला त्यांचाही राग आला.

विजयश्री ज्योतीराम नलवडे

*

शुक्रवार, ८ मे

सुजित,

उत्तर आलं तुझं! माझ्याच पत्राच्या पाठीवर, एक ओळ. "त्या घराने तिला मारलंच होतं."

मला माहीत आहे तिला कुणी उचललं. ती फोन घेईना म्हणून ऑफिस टाकून तू आलास, दाराची कडी खांद्याने मोडलीस, बाथरूममध्ये ती पडलेली, वरून नळ तसाच वाहतोय. तू तिला उचलून गल्लीच्या तोंडापर्यंत पळालास, चपला न घालता. सुमनताई रोज सांगतात. मी तेव्हा चाकणला शिफ्टवर होते, फोन लॉकरमध्ये. म्हणून तुला वाटतं की तू बघितलंस आणि मी नाही बघितलं, म्हणून तुझं खरं.

अरे, तिला घराने नाही पाडलं. फरशीने पाडलं. फरशी बदलता येते! ती बदलली. खरखरीत टाइल्स बसल्यात, पाणी टाकून मी स्वतः अनवाणी नाचून बघितलं, सुमनताई दारात हसत होत्या. उंबरा नाही आता, वॉकर सरळ आत जातो. दांडीला सयाजीमामा लटकले, हलली नाही. तुझ्या माणच्या अकराव्या मजल्यावर ती पडणार नाही कशावरून? तिथे तुम्ही दोघं दिवसभर ऑफिसला. ती दार लावून बसणार आणि लिफ्टची बटणं मोजणार. इथे ती खोकली तरी तीन दारं उघडतात.

तुला भीती वाटते ना? मग भीती वाटते म्हण. "तुला घर हवंय" का म्हणालास? ते एक वाक्य मी आठवडाभर चघळतेय आणि ते गिळताही येत नाही, थुंकताही येत नाही. हो, मी राहणार आहे इथे. भाड्याच्या खोलीत एकटीने स्टोव्हवर खिचडी करून खाण्यापेक्षा आईजवळ राहावंसं वाटलं तर तो गुन्हा आहे का?

वायरिंगचं शेवटचं टोक तेवढं राहिलंय, बाथरूमच्या दिव्याचं. आज संपलं असतं, पण संध्याकाळी कंपनीतून आम्रपालीचा फोन. माझ्या जागी शिफ्टला ती आहे. लाइन बंद पडलीय, पॅनेल जुनं आहे, ते तिने कधी उघडलेलं नाही, आणि सुपरवायझर तिच्या डोक्यावर उभा. ऑपरेशनच्या रात्री मी झोपावं म्हणून आईजवळ बसून राहिलेली हीच आम्रपाली. ही सावड आहे. तुला नाही कळायचं. उद्या सकाळी जाऊन दुपारपर्यंत परत येते. आल्यावर टोक जोडलं की काम खलास. रविवारी ये आणि बघ तुझं परीक्षकपण घेऊन.

विजयश्री

*

रविवार, १० मे

सुजित,

काल आपण दोघं गल्लीच्या मधोमध जे भांडलो ते अख्ख्या दापोडीने ऐकलं. रेल्वे फाटकापलीकडेसुद्धा ऐकू गेलं असेल. तू शेवटचं वाक्य अर्धंच टाकून गाडीत बसलास आणि मला अजून ब्लॉकच ठेवलंयस. तेव्हा पुन्हा कागद. निशिगंधा आत आईची वेणी घालतेय, जाताना देईन तिच्याकडे.

मी नव्हते तेव्हा काय झालं ते मला सगळ्यांनी आपापल्या परीने सांगितलं. तू सांगितलं नाहीस. म्हणून मला काय कळलंय ते लिहिते, चुकलं तर दुरुस्त कर.

रविवारी सुट्टी म्हणून दवाखान्याने आईला शनिवारीच सोडलं. तुम्ही मला फोन केलात, म्हणजे निशिगंधाने केला, आणि माझा फोन नेहमीसारखा लॉकरमध्ये. गाडी माणच्या रस्त्याला लागली तशी आई म्हणाली, आधी माझ्या घरी. तू म्हणालास, नंतर नेतो. ती म्हणाली, मग इथंच उतरव, चालत जाते. ऑपरेशन झालेल्या पायाने! गाडी वळवलीस. एवढं बरं केलंस.

घरात आलात तर अंधार. भर दुपारी त्या खोलीत दिव्याशिवाय हात दिसत नाही. पंखा नाही. पेटीला कुलूप, आणि चावी माझ्या खिशात, मी चाकणला. याबद्दल मी माफी मागणार नाही, आत उघड्या वायरी होत्या, कुलूप हवंच होतं. पण चावी खिशात घालून बसमध्ये चढताना माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की हे घर आहे, कंपनी नाही. खिशात हात घालून चावी चाचपली आणि उलट मला बरं वाटलं. बाबांनी लावलेलं वळण असं अंगलट आलं.

आईला घाम फुटला. सुमनताई ओरडायला लागल्या, तोडा ते कुलूप. सयाजीमामा छिन्नी आणि हातोडा घेऊन आले. म्हणाले, "सुजित, सांग, घालू का घाव?"

सुमनताईंनी मला हे दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा डोळे पुसले. म्हणाल्या, सुजितने मामांचा हात धरला. म्हणाला, "नको. ताईचं कुलूप आहे. ती आत असेल." मामा म्हणाले, "येडा हाईस का, ती चाकणला हाय." तू म्हणालास, "असू दे. तिने घातलंय म्हणजे आत काहीतरी आहे."

आत होतं, सुजित. बाथरूमच्या दिव्याची वायर दांडीच्या वर वितभर उघडी लोंबत होती आणि खाली सुमनताईंनी हौसेने फरशी धुऊन काढलेली. मेन टाकला असता आणि आईने जाऊन दांडी धरली असती तर!  तू तोडू दिलं नाहीस. आई आत उकडून निघत होती, मीटर बंद करायचा अर्ज तुझा, घर विकायची घाई तुझी, कुलूप तोडलं की तुझंच खरं ठरलं असतं, आणि तू तोडू दिलं नाहीस.

मी आले तेव्हा तू कमोडच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून आईला वारा घालत होतास. तुझा तो इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटलेला. मी आधी ओल्या फरशीवरून आत पळाले, टोक जोडलं, टेप गुंडाळली, बाहेर येऊन कुलूप काढलं, मेन टाकला. पंखा फिरला. मग आपण भांडलो. इतके दिवस साठलेलं सगळं. मी अर्जावरून, तू चावीवरून. तू म्हणालास, तुझ्या दुरुस्तीने ती जीव सोडेल. मी म्हणाले, तुझ्या फ्लॅटने. तू म्हणालास, घर. मी म्हणाले, घर!

आणि मग तो आवाज. आईने वॉकर फरशीवर आपटला. आठवतंय ना, कशी उभी होती? कुणी धरलेलं नव्हतं तिला. एकटी उठून, वॉकर घेऊन, बाथरूमला जाऊन मग दारापर्यंत आली होती, आणि आपण दोघं ते बघायचं सोडून एकमेकांची तोंडं बघत होतो. तुझी अट तिने आपल्या पाठीमागे पुरी केली.

म्हणाली, "घर माजं. पाय माजा. पडले मी. ऱ्हायाचं मी. आणि इचारलं का कुणी मला? तू कागुद करतोस, ती फरशी फोडती. मी काय मीटर हाय का, काडून न्यायला? का नळ हाय, बसवायला?"

 मी तिला सांगितलं नव्हतं, तू तिला सांगितलं नव्हतंस. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिने माझ्यापुढे हात पसरला आणि म्हणाली, "आन ते कुलूप." मी दिलं. माझ्या नावाची पट्टी काढायला लावली. उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने नाव लिहिलं, रात्रीच्या साक्षरता वर्गात शिकली होती तसं, एकेक अक्षर दाबून. तानुबाई. मग मलाच धरून पेटीपर्यंत गेली आणि दिवा चालू असताना पेटी लावून कुलूप घातलं.

तेवढ्यात तू गाडीत जाऊन बसलास. वाक्य अर्धं होतं तुझं, "मला फक्त..." एवढंच. पूर्ण काय होतं ते मला माहीत आहे. पण मी ते तुझ्या वतीने म्हणणार नाही. ज्याचं त्यानं.

आता नीट वाच, कारण हे सगळं तिने सांगितलंय, मी फक्त लिहितेय. ती दापोडीला राहणार. मन झालं की माणला येणार, चार दिवस, तिच्या मनाने. बिल्डरच्या कागदावर अंगठाही मिळणार नाही, सहीही नाही. मी तिच्याजवळ राहिले तर चालेल, "पर मालकिणीवानी न्हाई, लेकीवानी ऱ्हा." घे, तुझ्या आरोपाचं उत्तरही मिळालं. मला ते तुझ्यापेक्षा जास्त झोंबलं, आणि ते बरोबर होतं.

बाकीचं माझं. सोमवारी सकाळी वायरमन यायच्या आत तो अर्ज मागे घे. सयाजीमामांचे पत्रे बदलायचेत पुढच्या रविवारी, तेव्हा तू वर चढणार आहेस. ती सावड तुझी आहे, मी नाही फेडणार. जुने कपडे घालून ये.

आणि पाना. निशिगंधाने आत्ता सहज सांगून टाकलं. बाबांचा पाना तुझ्या हॉलमधल्या शोकेसमध्ये आहे, काचेच्या मागे, बाबांच्या फोटोशेजारी, तेल लावून पुसलेला. मला आधी रडू आलं आणि मग इतका संताप आला की काय सांगू! काचेत ठेवायची वस्तू आहे का ती? आठवडाभर मी उसन्या पान्याने अंगठे सोलून घेतले! बेसिनखालचा एक नट मी हाताने आवळून तसाच ठेवलाय. थोडा ठिबकतो. खाली वाटी ठेवलीय. तो तू येऊन आवळ. मी मुद्दाम हात लावणार नाही.

मी अजून चिडलेली आहे. हे पत्र वाचून मी निवळले असं समजू नकोस.

ताई

ता. क. सोमवारी कंपनीत नवं कुलूप मागायचंय, कारण काय लिहू ते सुचत नाहीये. म्हणून आईला म्हटलं, चावी दे, कंपनीची वस्तू आहे, तुला दुसरं आणून देते. चावी तिने कमरेच्या पिशवीत ठेवलीय. पिशवीवर हात ठेवून म्हणाली, "तुजा बाप काय म्हनायचा? ज्याचा हात आत. तुमचे हातच आत हायती. माजं आख्खं अंग आत हाय." दिली नाही.